कोकरू कोणाचं

ज्ञानबा आणि त्याचा पोरगा हनुमान कालव्याच्या वाटेनं पळून परत आले, तेव्हा मेंढवाड्यात गोंधळ उडाला होता. कुत्र्यानं कोकरं वेगळी ठेवायची जाळी फाडली होती आणि सगळी कोकरं मेंढ्यांत घुसली होती. कोकरं आपापल्या आया शोधत होती, मेंढ्या परक्या कोकराला ढुशी मारत होत्या. ज्ञानबाची बायको सिंधूबाई एकटीच इकडून तिकडं धावत होती.

ज्ञानबानं आधी पोराकडं पाहिलं. स्किझोफ्रेनिया जडल्यापासून असला गलका त्याला सोसत नसे. कानात बोलणारे आवाज वाढले की कान झाकून तो खाली बसे. चहा ठेवायचा तर आधी पाणी की पत्ती, इथंच अडकून पडे. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गोळ्या चालूच ठेवा. पण रोज दम लागेपर्यंत पळवा त्याला. डोकंही चालायला लागेल." तेव्हापासून धोतर खोचून ज्ञानबाही सोबत पळत होता. डोंगरकडा गावची माणसं हसायची. फरक काही दिसत नव्हता.

हनुमान खाली बसला नाही. घाम पुसून तो आत शिरला. एक कोकरू उचललं, एका मेंढीखाली सोडलं. दुसरं उचललं, पलीकडं नेलं. मग एका मेंढीनं ढुशी दिली आणि त्यानं आणलेलं कोकरू कोलमडलं.

ज्ञानबाला वाटलं, आता हा तेच कोकरू त्याच मेंढीपाशी नेत राहणार, नाहीतर रडत बसणार.

हनुमान थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली. असा चेहरा ज्ञानबानं किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. पोरगं विचार करून राहिलं होतं.

"ही न्हाई," तो हळू म्हणाला. "हिच्या लेकराचा कान काळा हाय. हे त्या लंगडीचं."

लंगडी मेंढी पार कडेला उभी होती. तिनं कोकराला हुंगलं आणि गुमान उभी राहिली. कोकरू शेपटी हलवत प्यायला लागलं.

सिंधूबाई जागीच थबकली. "आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मला बी वळखू आलं नव्हतं ते."

ज्ञानबा पोराजवळ गेला. "कानात बोलणारे आज आले न्हाईत का रं?"

"येऊन राहिले ना," हनुमान म्हणाला. पुढचं कोकरू त्यानं छातीशी धरलं होतं. "त्याईला म्हणलं, दम धरा. आधी लेकरं पाजू द्या."