धुराची गाडी

पालिकेची डास मारायची धुराची गाडी रोज संध्याकाळी नाल्यापर्यंत येते आणि तिथूनच मागे वळते. नाल्याच्या या बाजूला, चिकूच्या वाडीमागे आमचा पाडा आहे, पण तो शहराच्या हद्दीत नाही. शहराची गटारं मात्र याच नाल्यात सोडली आहेत. त्यांना हद्द लागत नाही.

माझी बायको काळी त्या धुराच्या गाडीवरच्या देवेशला चिडवायची, "भाऊ, हद्द कुठे संपते ते डासांना पण सांगितलंस का रे?"

तो हसायचा. "वहिनी, माझ्या हातात असतं तर तुझ्या चुलीपर्यंत आलो असतो."

दिवाळीच्या आधी काळीला डेंग्यू झाला. पालिकेच्या दवाखान्यात हद्दीबाहेरच्यांना परत पाठवतात. म्हणून ती ज्या बाईंकडे भांडी घासायची, त्यांच्या बंगल्याचा पत्ता तिने आपला म्हणून सांगितला. खाट मिळाली. त्याच खाटेवर ती गेली.

आता माझी मुलगी शितल तापाने फणफणली आहे. काल मी नाल्यावर जाऊन गाडीला आडवा उभा राहिलो.

"देवेश, डेंग्यूने माणूस गेलं की त्याच्या घरी धूर मारायचा, हा तुमचाच नियम ना? मग काळीच्या घरी कधी मारणार?"

त्याने मशीन बंद केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

 

"मारला ना दादा. बाईंच्या बंगल्यात, पार गच्चीपर्यंत."