कोकणातली नोकरी

टीव्हीवर वादळाचा इशारा ऐकून मिरजगावच्या बायडाबाईनं कोकणातल्या लेकाला फोन लावला. समुद्रात पाय घालणार नाही, अशी शपथ घालूनच तिनं वैजनाथला तिकडं पाठवलं होतं. तो हॉटेलात आचारी आहे म्हणून सांगायचा.

"मागं कसला आवाज येतोय रे?"

"भटारखान्यातला पंखा हाय, आई."

तिला पटेना. आमटीला फोडणी कशाची देतोस विचारलं, की हा घुटमळायचा. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी ओरडलं, "वैजनाथ, ट्यूब घेऊन पळ, बाई लाटेत ओढली गेली!"

बायडाबाई फोन कानाला लावून बसून राहिली. बऱ्याच वेळानं धापा टाकत तो म्हणाला, "आई, वाचली ती."

"बरं झालं. आदी अंग पूस, मग काय खोटं बोलायचं ते बोल."