वरची खोली

“मॅडम, एसी चोवीसवर ठेवू की सव्वीसवर?”

“सव्वीसवर. आणि सोबत पंखा लावा,” ॲलिशा म्हणाली.

रविवारची सकाळ होती. मीरा रोडच्या पूनम सागर भागातल्या एका सोसायटीच्या आवारात टेबल मांडून ती हवामानबदलाबद्दल लोकांच्या शंका सोडवत बसली होती. एका पर्यावरण संस्थेने तिला त्यासाठीच नेमलं होतं, आणि खरं सांगायचं तर या कामात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मनोरमाकाकूंना निर्माल्य ओल्या कचऱ्यात टाकलं तर पाप लागेल का, याची धास्ती. “त्याचं खत करा काकू, तुळशीला घाला. देवाचं देवाकडेच जाईल,” म्हटल्यावर काकू खूश. हरिश्चंद्रकाकांना कापडी पिशवी किती वेळा वापरली म्हणजे वसूल, हे जाणून घ्यायचं होतं. वर घरात अशा बावीस पिशव्या साठल्यात, हेही त्यांनी अभिमानाने सांगून टाकलं.

“काका, आता तेविसावी घेऊ नका म्हणजे झालं.”

रांगेत हशा पिकला. काकाही हसले, पण जरा उशिरा.

पुढच्या खुर्चीत कोण बसलं, ते तिने आधी हातांवरून ओळखलं. जाळं ओढून ओढून कातडी जाड झालेले, बोटांवर चरे पडलेले हात. तिचे वडील, मॅन्युएल. चर्चला घालायचा पांढरा शर्ट चढवून किनाऱ्यावरच्या पाली गावाहून बसने आले होते आणि मुकाट रांगेत उभे राहिले होते.

“पप्पा! तू रांगेत कशाला? मी घरी आले की विचारायचं ना.”

“घरी तू ‘नंतर बघू’ म्हनते. हितं सगल्यांना लगेच उत्तर देते. म्हनून आलो.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “मम्मीला घरावर एक खोली चढवायची हाय. तुझ्यासाठी. म्हनते, पोरीनं भाड्याच्या जागेत किती दिवस काढायचे? उद्या गवंडी येतोय. पन दर्या पुढं सरकतोय. बोंबील वालत घालायच्या काठ्या दोनदा मागं घेतल्या, आता भिंतीला टेकल्यात. औंदा उधानाचं पानी चुलीपर्यंत आलं. तर बांधू, का न्हाय?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर ॲलिशाने मिनिटभरात उत्तर दिलं असतं. मागच्या महिन्यात एकाला दिलंही होतं. पण ही खोली तिला हवी होती. फार हवी होती. मीरा रोडच्या भाड्याच्या जागेत रोज जाग आल्याबरोबर ती अजून सुक्या मासळीचा वास शोधायची, आणि नाकात शिरायचा तो खालच्या भज्यांच्या गाडीवरच्या तेलाचा. पप्पांची होडी आवाजावरून ओळखावी, मम्मीशी चुलीपाशी भांडावं, एवढंच तिचं मागणं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मम्मीला ते न सांगताच कळलं होतं.

“बोल ना,” पप्पा म्हणाले. “लोकांना सांगते तसं सांग.”

ती पाण्याचे दोन घोट प्यायली. “नको बांधूस, पप्पा. पाणी अजून वर येणार. त्या घरावर आता काही चढवायचं नाही. उंचावर कुठे जागा मिळते का, ते बघायला हवं.”

बोलताना तिचा आवाज एकदाही कापला नाही, आणि त्याचाच तिला राग आला.

“बरं,” मॅन्युएल म्हणाले. त्यांनी वाद घालावा, तुला काय कळतंय म्हणून झापावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. उत्तर त्यांना बहुतेक ठाऊकच होतं.

मागे कोणीतरी घसा खाकरला. तरी ते उठले नाहीत.

“आनखी एक हाय. हा मम्मीचा. तिला मी माझ्या शंकेचं काय बोललो न्हाय, ती खोली होनारच धरून बसलीय.”

“काय?”

“तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या अंगाला ठेवायची, इचारलंय तिनं.”

ॲलिशाने रांगेकडे पाहिलं. अजून सात-आठ माणसं उभी होती.

“दर्याकडं,” ती पप्पांच्याच बोलीत म्हणाली. “मोठी ठेव म्हनावं.”