कॅप्टनबाईचं लेकरू

“ह्या बाईला लेकरू कामून दिलंस रे?” भागम्मानं टॅबवरची नजर न काढता विचारलं. “आधीच यान चालवायलीय, दगडं चुकवायलीय. त्यात आणि काखेला लेकरू!”

“त्योच तर खेळ हाय, अव्वा,” तिप्पण्णा हसला.

तिप्पण्णा हैदराबादेत व्हिडिओ गेमच्या कंपनीत गोष्टी रचायचा. नव्या खेळात एक कॅप्टनबाई होती. फुटक्या ग्रहांच्या पल्याड औषधं पोचवायचं जोखमीचं काम तिच्यावर, आणि पदरात तान्ही लेक. निघताना खेळणाऱ्यानं ठरवायचं: लेकरू यानात घ्यायचं की तळावर दाईजवळ ठेवायचं? कंपनीतली बाकीची मंडळी म्हणायची, आगीच्या लोळात लेकरू नेणारी कसली नायिका? तिप्पण्णा मात्र हट्टाला पेटला होता. लेकरू नेणारीच जिंकली पाहिजे, ठेवून जाणारीचा शेवट वाईटच झाला पाहिजे. उद्या काय ते कळवायचं होतं, आणि हा पठ्ठ्या टॅब घेऊन थेट गावी, मादन हिप्परग्याला आईपुढं येऊन बसला होता.

खरं सांगायचं तर त्याला खेळाचं काही विचारायचंच नव्हतं. त्याला अव्वाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. ‘तुला संगं न्यायला पाहिजे होतं रे.’ एवढंच.

कारण तो स्वतः ठेवून दिलेलं लेकरू होता. अप्पा आणि अव्वा स्टीलची भांडी टेम्पोत भरून बाजार करायचे. आज आळंद, उद्या उमरगा, परवा मन्नाएखेळ्ळी. एकुलता एक पोरगा, पण वाढला चंद्रम्मा मावशीच्या दारात. टेम्पोचा हॉर्न ऐकू यावा म्हणून तो ओट्यावरच जेवायचा. एकदा अप्पांनी उमरग्याच्या बाजारातून त्याला विटा रचायचा हातातला गेम आणला. काय खूष झाला होता तो! सेल संपले की उन्हात तापवून पुन्हा घालायचा, आणि टेम्पो येईपर्यंत विटा रचत बसायचा. ते दिवस आठवले की अजून त्याला बरंही वाटायचं आणि रडूही यायचं.

त्यात नाव तिप्पण्णा! कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. शाळेतली पोरं “ए उकिरड्या” म्हणून हाक मारायची, नाकाचं टोचलेलं भोक बघून “नथ कुठं ठेवलीस?” म्हणायची. एकुलत्या एका पोराचं असलं नाव कोण ठेवतं? नकोसं झालं असणार आपण, असंच त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

टेम्पो दारात उभा असला की तो हळूच केबिनमध्ये चढायचा. आत डिझेलचा, उदबत्तीचा वास. छताला दोन लोखंडी कड्या होत्या, अप्पा त्यांत टॉवेल अडकवायचे. एकदा तो त्या कड्यांना लोंबकळला, तर कधी आवाज न चढवणाऱ्या अप्पांनी त्याला खसकन ओढून खाली उतरवलं. दिवसभर बोलले नाहीत. आता अप्पाही राहिले नाहीत आणि टेम्पोही विकून झाला.

टॅबवर यानाची केबिन उघडली. भागम्माचं बोट थबकलं.

“ह्या कड्या?”

“आपल्या टेम्पोतल्या. चित्रं काढणाऱ्याला सांगून सांगून तशाच काढून घेतल्या. बघ, अप्पांचा टॉवेल पण हाय.”

काच स्वच्छच होती, तरी भागम्मानं ती पदरानं पुसली. मग खेळानं विचारलं, लेकरू कुठं ठेवायचं? तिनं जराही विचार न करता तळावर ठेवलं. बाई हुशार! गर्दीच्या बाजारात दुकान लावलेला हात, एकही दगड लागू दिला नाही. औषधं पोचवून कॅप्टनबाई परत आली.

तिप्पण्णानं लिहिलेला वाईट शेवट सुरू झाला. लेक मोठी झालेली. आई दार वाजवतेय, वाजवतेय, आणि लेक काही दार उघडत नाही.

भागम्मा बघत राहिली. “जित्ती हाय न्हवं?”

“कोण?”

“पोरगी. दाराआड जित्ती हाय न्हवं?”

“हाय की. पण रागावलीय.”

“रागवू दे,” ती म्हणाली, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा लेकरू तळावर ठेवलं.

आता मात्र तिप्पण्णाचा तोल सुटला. “एकदा तरी ने की गं तिला! मी टेम्पोच्या मागं रडत पळायचो, तू वळून बघायची न्हाईस.”

“वळले असते तर उतरले असते.”

“मग उतरायचं की! न्हाईतर मला वर घ्यायचं. एवढ्या भांड्यांना जागा होती, माझ्यापुरती नव्हती व्हय?”

बाहेर कुणाचा तरी टेम्पो हॉर्न देत बाजाराकडं गेला, आणि दोघांनीही सवयीनं दाराकडं पाहिलं.

“जागा होती,” ती म्हणाली. “केबिनमध्येच होती.”

“मग?”

तिनं टॅब त्याच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर केबिन होती, कड्यांत टॉवेल हलत होता. तिनं एकेका कडीवर बोट ठेवलं.

“रिकाम्या कड्या दिसू नयेत म्हणून अप्पा टॉवेल अडकवायचे रे. आधी ह्यांत झोळी असायची. तुझ्या अक्काची. तिला संगं नेलं होतं, जित्ती परत आली न्हाई; तू तरी जगावास म्हणून उकिरड्याचं नाव, नाकाला भोक.”