भाविकाचा आवाज

"शनिवारी तपासणीला डॉक्टरांचं पथक येणार," मुख्याध्यापक कृष्णकांत सर म्हणाले. "भाविकाचं नाव मुक्या मुलांच्या यादीत घालावं लागेल, बाई. दोन वर्षं झाली, पोर शाळेत एक अक्षर बोललेली नाही."

"ती मुकी नाही, सर."

"मग बोलत का नाही?"

समृद्धीबाईंनी यादीचा कागद उलटा करून ठेवला. यादीत नाव लागलं की आठ वर्षांच्या भाविकाची रवानगी दूरच्या निवासी शाळेत होणार, आईबापाविना.

शाळा उलव्याच्या अलीकडची, दोन खोल्यांची. बाई रोज पनवेलहून यायच्या. दोन वर्षांत त्यांनी वर्गाचं सोनं केलं होतं. खाडीकाठची ही मुलं आता पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत, आणि साहेब लोक येऊन कौतुक करून जात. तेही छडी न उगारता. एक भाविका तेवढी तोंडाला कुलूप लावून बसलेली.

बाईंचा संशय शिवावर होता. भाविकाचा हा बाप न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवायचा. आवाज असा की एकदा शाळेत आला तर शेजारच्या वर्गातली मुलं उठून उभी राहिली. कुणीतरी धसका दिल्याशिवाय लेकरू असं गप्प होत नाही, हे बाईंनी प्रशिक्षणात ऐकलं होतं.

गावाने शाळेला एक टॅब घेऊन दिला होता. इतर शाळांत अशा टॅबवर दिवसभर नाचगाणी चालत. बाईंना ते पटत नसे. मुलांना काही दाखवण्यापेक्षा मुलांचं ऐकायला तो वापरावा, असं त्यांचं म्हणणं. मुलं त्यात धडा वाचून आवाज भरत. बाई सगळं नीट ऐकून कोण कुठे अडतं ते टिपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्याला तेवढंच शिकवत. भाविकाच्या पाळीला मात्र नुसता पंखा ऐकू यायचा.

बुधवारी त्यांनी तिच्या आईला, शकूला बोलावून घेतलं. ती बाजारातून मासळीची रिकामी पाटी घेऊन थेट शाळेत आली.

"घरी बोलते का ती?"

"बोलते ना, बाई. गप रव, गप रव सांगून आमी दमतो."

सगळ्या आया असंच म्हणतात, बाईंच्या मनात आलं.

"तिचे वडील ओरडतात का तिच्यावर? खरं सांगा."

"त्यांचा आवाजच तसा हाय. पोरीला कंदी बोट लावलेला नाय."

"'नाय' नाही, 'नाही' म्हणावं," बाई हसून, अगदी मायेने म्हणाल्या. शकूने पदर सावरला. त्यानंतर ती फक्त मान हलवत राहिली.

बाईंनी तिला टॅबवरचं लाल बटण दाखवलं. "हा घरी न्या, फळीवर ठेवा. ती खेळायला लागली की हे दाबायचं. घरात जे चालतं ते सगळं येऊ द्या."

गुरुवार गेला. शुक्रवारही गेला. शकूचा पत्ता नाही. शिवाने टॅब बघितला असेल का? आपटला असेल? आपण विचारलं म्हणून पोरीला मार तर बसला नसेल? बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शनिवारी पथकाचे डॉक्टर कृष्णकांत सरांशेजारी टेबलावर कागद मांडून बसले तेव्हा शकू आली. टॅब टॉवेलात गुंडाळलेला, मागे भाविका.

"बोलली?" बाईंनी दारातच विचारलं.

"बोलली. भरपूर बोलली. काल रातचे आमी दोगांनी ऐकला."

"त्यांनीही ऐकलं?"

शकूने मान हलवली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "बाई, तुमी आदी एकट्यानं ऐका. तिकडं आत जाऊन."

"का?"

"मंग पुसून टाका त्ये. सायबांसमोर नको."

बाईंना जे समजायचं ते समजलं. नवऱ्याने धमकावलंय हिला. त्यांनी शकूच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका. झाकून ठेवलं तर पोरीचंच नुकसान होईल."

"बाई, हात जोडते तुमाला."

"सही करायच्या आधी मला ऐकायलाच हवं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी टॅब सुरू केला. आधी भांड्यांचा आवाज. मग शिवाचा आवाज गडगडला, "जेवाला ये गो!" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. बाईंनी कृष्णकांत सरांकडे पाहिलं; बघा, मी म्हणत नव्हते?

"आले, बाबा! शाळा सुटली की आले!"

लख्ख, गोड आवाज. पुढे खुदकन हसणं. बाईंचे डोळे भरून आले. बोलत होती! पोर वाचली! कृष्णकांत सरांनी यादीतल्या नावावर तिथल्या तिथे रेघ ओढली.

"सगळ्यांनी ओळीत बसा," टॅबमधली भाविका म्हणाली. "मी समृद्धीबाई."

डॉक्टर हसले. बाई लाजल्या. खरी भाविका आईच्या पदराआड सरकली.

"आणि ही बाहुली म्हणजे भाविका. भाविका, आज शाळेचा पहिला दिवस. उभी राहा, तुझ्या घरचं काहीतरी सांग बघू."

मग तोच आवाज बारीक झाला. "आमी ना, बाबांच्या संगती खाडीवर गेलतो..."

"बस, बस." टॅबमध्ये पुन्हा बाईंचा आवाज, शांत आणि मायेचा. "हे कसलं गं बोलणं? सगळा वर्ग हसतोय बघ. शुद्ध बोलता येईपर्यंत वर्गात तोंड उघडायचं नाही. कबूल?"

बराच वेळ टॅबमधून काहीच ऐकू आलं नाही. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"शाब्बास," टॅबमधली भाविका म्हणाली. "अशीच शहाण्यासारखी गप्प बस."