नाव घ्या

नवा मध्य प्रदेश झाला त्या साली परदेशीपुऱ्याच्या एका मिलमध्ये सगुणाचा नवरा मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला, आणि तेव्हापासून जो तो त्याला 'केस'च म्हणू लागला. डॉक्टर म्हणाले, "केस सीरियस आहे." संध्याकाळी तो गेला, तर हवालदार म्हणाला, "पुलिस केस है बाई, बॉडी अभी नहीं मिलेगी." युनियनचे वकील अप्पासाहेब तर खुशीतच आले. "वहिनी, रडू नका. आपली केस एकदम पक्की आहे!"

दुसऱ्या दिवशी मुर्दाघराच्या खिडकीतल्या बाबूने पहिल्यांदाच विचारलं, "मरनेवाले का नाम?"

सगुणाने सवयीने डोक्यावर पदर ओढला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिने घेतलं ते फक्त उखाण्यात. नुसतं काही केल्या ओठांवर येईना.

"जल्दी बोलो बाई, पीछे और केस खड़े हैं," बाबू खेकसला.

तिने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं,



"मिलचा भोंगा झाला, चुलीवर ठेवला चहा, रघुनाथराव येतील आता, वाटेकडे पहा."