पाहुण्यांपुरती स्टुलं

परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार म्हणून सकाळी प्रत्येकीला नवंकोरं स्टूल मिळालं. एरवी मोबाइलची सर्किटं तपासायचं काम दिवसभर उभ्यानंच चालायचं. अनसूयाच्या शेजारच्या रेश्माला सातवा महिना होता. ती बसली आणि तिनं सुखानं डोळे मिटले.

पाहुणे खूश होऊन गेले. लगेच सुपरवायझर आले. "उठा गं, स्टुलं गोदामात जाऊ द्या!"

रेश्मा टेबलाला धरून उठू लागली. अनसूयानं तिचा खांदा दाबून तिला बसवलं. स्वतःही हलली नाही.

"मावशी, पुढच्या महिन्यात कंत्राट संपतंय तुमचं."

"ठाऊक आहे, साहेब. रोज बसूनच काम करता का, असं पाहुण्यांनी विचारलं. तुम्ही शिकवल्यासारखं मी हो म्हटलं. आता खोटं पाडू नका मला."

अनसूयानं बसल्याबसल्याच पुढचं सर्किट तपासायला घेतलं.